लंडनचा वसंत : आईबाबांना कुठल्या बागा आणि कधी दाखवाल?

मोगरा_वेल | ९ मार्च

नमस्कार मंडळी. माझे आईबाबा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनला येत आहेत, मेच्या मध्यापर्यंत राहतील. मागच्या खेपेला ते डिसेंबरात आले होते. चार वाजता अंधार, झाडं उघडीबोडकी. संग्रहालयं, राजवाडे, पूल सगळं तेव्हा पाहून झालं. यावेळी आईने फोनवर बजावून सांगितलंय, "इमारती पुरेत, आता फुलं दाखव."

आईने आयुष्यभर गच्चीवरच्या कुंड्यांत बाग केली आहे. पान बघून झाड ओळखते. बाबांना फुलांपेक्षा बाकावर बसून येणारी-जाणारी माणसं बघण्यात रस. आईचा गुडघा दुखतो, सलग तासभर चालली की बसावंच लागतं.

माझ्या यादीत सध्या क्यू गार्डन्स, रीजंट्स पार्क, हॅम्प्टन कोर्ट, केन्सिंग्टन आणि हॉलंड पार्क आहेत. इथे बरीच वर्षं राहिलेल्यांनी सांगा ना, यातलं काय ठेवू, काय गाळू, आणि कुठल्या आठवड्यात कुठे जाऊ?

ट्यूबवाला | ९ मार्च

क्यू. दुसऱ्या दिवशी पुन्हा क्यू. धागा बंद करा.

रानवाट | ९ मार्च

ट्यूबवाला, दोन दिवस क्यू कबूल, पण कुठले दोन दिवस ते सांगाल की नाही?

मोगरा, यादी चांगली आहे, फक्त ती जागांची आहे. फुलांची करा. इथला वसंत एकदम येत नाही, हप्त्याहप्त्याने येतो. फेब्रुवारी सरताना क्रोकस, मग डॅफोडिल, मार्चच्या मध्याला मॅग्नोलिया, पाठोपाठ चेरी. एप्रिलच्या मध्यापासून ट्यूलिप, महिनाअखेरीला ब्लूबेल आणि अझेलिया, मेच्या तोंडावर विस्टेरिया, मग हॉर्स चेस्टनट. गुलाब थेट जूनमध्ये. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन आठवडे. आठवडा हुकला की त्याच नावाजलेल्या बागेत गवत आणि पिवळी पडलेली पात बघून परत यावं लागतं.

शिवाय हिवाळा सौम्य गेला तर सगळं आठ-दहा दिवस अलीकडे सरकतं, थंडी रेंगाळली तर पलीकडे. म्हणून लिहून ठेवलेल्या तारखेवर विसंबू नका. निघायच्या आदल्या दिवशी त्या बागेचे लोकांनी टाकलेले ताजे फोटो बघा, लगेच कळतं.

तुमचे चार आठवडे मात्र फार चांगले पडले आहेत. ट्यूलिप, उशिराची चेरी, ब्लूबेल, अझेलिया, विस्टेरिया, चेस्टनट, हे सगळं त्यात बसतं. डॅफोडिल गेलेले असतील, गुलाब आलेले नसतील. म्हणजे रीजंट्स पार्कच्या क्वीन मेरीज गार्डन्ससाठी वेगळा दिवस काढू नका. तिथे सुमारे १२,००० गुलाब आहेत, पण तुमच्या तारखांना सगळा पाला.

चंद्रकोर_साउथॉल | ९ मार्च

वाचतेय. माझ्या सासूबाई मेमध्ये येणार आहेत, आयतीच सोय झाली.

हेमाकाकू | १० मार्च

मोगरा, इतकी वर्षं रिचमंडजवळ राहते आहे म्हणून अधिकाराने सांगते. तुझ्या यादीत इसाबेला प्लांटेशन नाही, ते आधी लिही.

रिचमंड पार्क केवढं मोठं ते तुला माहीत असेल, २,५०० एकर. त्याच्या आत कुंपण घातलेली चाळीस एकरांची ही वनबाग. उंच ओक आणि बर्चच्या सावलीत, ओढ्यांच्या दोन्ही काठांनी अझेलियाची झुडपं. विल्सन नावाच्या वनस्पतिसंग्राहकाने जपानच्या कुरुमेहून निवडून आणलेल्या ५० जाती, त्यांचा राष्ट्रीय संग्रह इथे जपलेला आहे. एप्रिलचा शेवट आणि मेचा पहिला आठवडा, या दिवसांत पान दिसत नाही इतकं फूल येतं. गुलाबी, जांभळा, शेंदरी, पांढरा, सगळे रंग खेटून. एरवी इतके भडक रंग एकत्र मला सोसत नाहीत, पण वरून कोवळ्या हिरव्या पानांतून उजेड झिरपत असतो ना, त्यात ते खुलतात. आत स्टिल पॉन्ड नावाचं छोटं तळं आहे. वारा नसेल तर काठची सगळी झुडपं पाण्यात उलटी दिसतात. तिथे आईला बसव आणि घाई करू नकोस.

प्रवेश मोफत. सकाळी लवकर जा, दहानंतर आणि त्यातही सुट्टीच्या दिवशी गाड्या लावायला जागा मिळत नाही. ब्लू बॅज (अपंगांसाठीचा गाडी लावायचा परवाना) असलेल्यांसाठी बागेजवळ वेगळी जागा आहे. तो नसेल तर ब्रूमफील्ड हिलच्या गाडीतळावरून थोडं चालायचं. आत थोडे चढउतार आहेत, पण बाकही बरेच आहेत.

आणि हरणं दिसतील. त्यांच्यापासून निदान ५० मीटर लांब राहायचं. मेपासून पाडसं जन्मायला लागतात, माद्या बिथरतात. बाबांना सांगून ठेव, फोटोसाठी पुढे पुढे जायचं नाही.

ट्यूबवाला | १० मार्च

हेमाकाकू, इसाबेलाला माझा नमस्कार. पण लोक "फुकटात एवढं असताना क्यूचं तिकीट कशाला" म्हणतात तेव्हा मला राहवत नाही.

क्यू ही नुसती शोभेची बाग नाही. १७५९ पासूनची वनस्पतिशास्त्राची संस्था आहे, २००३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिकिटाचे पैसे त्या कामाला हातभार लावतात. ससेक्समधल्या वेकहर्स्टला त्यांची मिलेनियम सीड बँक आहे, तिथे जगभरातल्या रानटी झाडांचं बी गोठवून ठेवलंय. आणि मोगरा, तुमच्या आईंसाठी तर क्यूच. त्या कुंड्यांतल्या माळीणबाई आहेत ना? पाम हाऊस नावाच्या काचघरात दक्षिण आफ्रिकेतून १७७५ मध्ये आणलेलं एक सायकॅड (ताडासारखं दिसणारं झाड) आहे, एन्सेफालार्टोस. अडीचशे वर्षं झाली, अजून कुंडीतच आहे. कुंडीतलं जगातलं सगळ्यात जुनं झाड म्हणून ते दाखवतात. बाहेर पाऊस लागला तर पाम हाऊस ऊबदार, आत बसायलाही मिळतं.

फुलांचं म्हणाल तर एप्रिलअखेरीला नैऋत्येच्या कोपऱ्यात, क्वीन शार्लट्स कॉटेजभोवती ब्लूबेल. बहुतेक लोक व्हिक्टोरिया गेटने शिरून पाम हाऊस आणि टेम्परेट हाऊस बघतात आणि तिथेच दमतात, त्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. तुम्ही ब्लूबेल आधी करा, गुडघा ताजा असताना. मे उजाडला की ऱ्होडोडेंड्रॉन डेल, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांची घळ. व्हीलचेअर मागून घेता येते, आधी कळवलेलं बरं. तिकीट आगाऊ काढलं की स्वस्त पडतं.

अनुजा_ई१७ | १० मार्च

ब्लूबेलसाठी एवढ्या लांब कशाला? पूर्व लंडनात वॉनस्टेड पार्कमध्ये शॅले वूड आहे. एप्रिलच्या शेवटी ओक आणि बीचखाली सगळी जमीन निळी-जांभळी. मोफत, आणि बाहेरचे लोक अजून कमीच येतात.

एक कळकळीची विनंती. पायवाट सोडू नका. ब्लूबेलची पानं तुडवली गेली की ती अन्न बनवू शकत नाहीत, कंद उपाशी राहतो आणि तो ताटवा सावरायला वर्षं लागतात. शॅले वूडमध्ये स्वयंसेवकांनी वाटेच्या दोन्ही बाजूंना ओंडके मांडून ठेवलेत, तरी दरवर्षी कुणीतरी लेकराला फुलांच्या मधोमध बसवतंच. मागच्या वसंतात मी एका कुटुंबाला हटकलं. ती आपलीच मराठी माणसं निघाली. बिचारे लगेच बाहेर आले, माहीतच नव्हतं म्हणाले.

निनाद_आर | ११ मार्च

अनुजा, जरा जास्त होतंय का हे? एक पोरगं दोन मिनिटं बसलं तर जंगल मरत नाही. आईबाबा एवढ्या लांबून येतात, एक फोटो हवा असतो.

अनुजा_ई१७ | ११ मार्च

एक पोरगं बसून मरत नाही, निनाद. सुट्टीच्या एका दिवशी ओळीने शंभर पोरं त्याच जागी बसतात, तिथे पुढच्या वर्षी नुसती माती असते. मला जागा दाखवता येईल. आणि जगातल्या ब्लूबेलपैकी जवळपास अर्ध्या या एका देशात आहेत. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, कंद उपटून नेणं गुन्हा आहे. फोटो वाटेवर उकिडवं बसून काढला तरी मागे निळंच निळं येतं. उलट कॅमेरा खाली गेला की फुलं जास्त दाट दिसतात.

निनाद_आर | ११ मार्च

हे कॅमेऱ्याचं पटलं. करून बघतो.

रानवाट | ११ मार्च

अनुजाला पूर्ण अनुमोदन. एक भर : घरांच्या अंगणांत आणि बऱ्याच पार्कांत दिसते ती पुष्कळदा स्पॅनिश किंवा संकरित ब्लूबेल. दांडा ताठ, फुलं चारी बाजूंनी, वास जवळजवळ नाही. इथली अस्सल असेल तर दांडा एका बाजूला झुकलेला, फुलं एकाच अंगाला लोंबणारी, आतले परागकोश मलईच्या रंगाचे आणि मंद गोड वास. मोगरा, आईंना हा फरक सांगा. त्यांना शोधायला मजा येईल.

डॉ_पारिजात | ११ मार्च

सगळे रंगांबद्दल बोलताहेत, मी नाकाबद्दल बोलते. पाहुण्यांना एप्रिल-मेमध्ये इथे शिंका, डोळ्यांना खाज, घसा खवखवणं हे फार होतं आणि घरचे "थंडी बाधली" म्हणून काढे देत बसतात. एप्रिलमध्ये बर्चचे पराग, एप्रिल-मेमध्ये लंडन प्लेन या झाडाचे, मेच्या उत्तरार्धापासून गवताचे. प्लेनची वाळलेली गोंडेदार फळं फुटतात तेव्हा त्यांचे बारीक केसही उडतात, तेही घशाला लागतात.

हवामान खातं परागांचा रोजचा अंदाज देतं, निघताना तो बघा. गॉगल लावा, घरी आल्यावर तोंड धुवा, कपडे बदला. ॲलर्जीच्या गोळ्या दुकानात चिठ्ठीविना मिळतात, पण आईबाबांना रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतील तर फार्मासिस्टला ती दाखवून मगच घ्या. दम लागत असेल तर मात्र गोळीवर भागवू नका, डॉक्टर गाठा.

ट्यूबवाला | १२ मार्च

प्लेनला शिव्या नकोत! या शहराच्या हिरवेपणात त्यांचा मोठा वाटा आहे. कोळशाच्या धुराच्या काळात इतर झाडं तग धरत नव्हती. याची साल ढलप्यांनी गळते, काजळी तिच्याबरोबर गळून जाते. बर्कली स्क्वेअरमधले प्लेन १७८९ मध्ये लावलेले आहेत, अजून दणकट उभे आहेत.

डॉ_पारिजात | १२ मार्च

शिव्या नाहीत हो, गॉगल लावा एवढंच म्हणते आहे.

मोगरा_वेल | १२ मार्च

किती छान माहिती! डॉक्टर, बाबांना दम्याचा जुना त्रास आहे, तुमचा प्रतिसाद जपून ठेवला.

उशिराच्या चेरीबद्दल सांगा ना कुणीतरी. आईला ती बघायचीच आहे, आणि सगळे म्हणतात एप्रिलच्या सुरुवातीलाच संपते.

भटकी_सांज | १३ मार्च

पांढरी-फिकी, एकेरी पाकळ्यांची चेरी आधी येते आणि आधी जाते. कान्झान जातीची उशिरा येते, गडद गुलाबी, भरगच्च पाकळ्यांची. ती एप्रिलच्या उत्तरार्धात असते. ग्रीनिच पार्कमध्ये रेंजर्स हाऊसजवळ तिची दुतर्फा रांग आहे, फांद्या वरती भिडून छत होतं. रीजंट्स पार्कात चेस्टर रोडवरही आहे. ग्रीनिचला गर्दी खूप, पण सकाळी आठला मी जाते तेव्हा कुत्री फिरवणारे आणि मी एवढेच असतो. आई आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात ग्रीनिच उरका. जोराचा पाऊस झाला की खेळ खलास.

चेरीवरून एक गोष्ट सांगायचा मोह होतोय. कॉलिंगवूड इंग्रॅम म्हणून एक इंग्रज गृहस्थ होते (१८८०–१९८१), चेरीच्या वेडापायी लोक त्यांना 'चेरी' इंग्रॅमच म्हणत. १९२३ मध्ये ससेक्समधल्या एका बागेत त्यांना मरायला टेकलेलं पांढऱ्या मोठ्या फुलांचं झाड दिसलं. त्यांनी त्याच्या फांद्यांवरचे डोळे काढून केंटमध्ये आपल्या बागेत कलमं बांधली. पुढे १९२६ मध्ये जपानला गेले असताना एका जाणकाराने त्यांना जुनं चित्र दाखवलं, की ही चेरी आमच्याकडून नामशेष झाली. इंग्रॅमनी ओळखलं, हे तर माझ्या घरी आहे! मग कलमाच्या काड्या जपानला पाठवायची खटपट सुरू झाली. समुद्रमार्गे जाताना त्या वाळून जात. शेवटी बटाट्यात खोचून ट्रान्स-सायबेरियन रेल्वेने पाठवल्या, त्या जगल्या. ती जात म्हणजे ताइहाकू. अलीकडे जपानने मैत्रीखातर ब्रिटनला चेरीची रोपं दिली, रीजंट्स पार्कातही ती लावली, त्यांत ताइहाकू आहे. ज्या देशाने झाड परत दिलं त्याच देशात ते पुन्हा भेट म्हणून आलं. मला हे फार आवडतं.

चंद्रकोर_साउथॉल | १३ मार्च

बटाट्यात खोचून!! सासूबाईंना सांगणार. त्याही गुलाबाची काडी बटाट्यात खोचूनच लावतात.

निनाद_आर | १४ मार्च

कुणी ग्रीन पार्कचं नाव घेत नाही? पिकॅडिलीला अगदी मध्यात आहे.

रानवाट | १४ मार्च

कारण तिथे फुलांचे वाफे नाहीत. दंतकथा अशी की राजा दुसऱ्या चार्ल्सने तिथली फुलं तोडून भलत्याच बाईला दिली, राणी कॅथरीनला कळलं आणि तिने सगळी फुलझाडं उपटून टाकायला लावली. खरंखोटं ती राणी जाणे. मार्चमध्ये डॅफोडिल मात्र गवतातून भरपूर येतात. आत्ता जाऊन या, आत्ताच आहेत.

त्यापेक्षा मोगराच्या बाबांसाठी शेजारचं सेंट जेम्स पार्क. तळ्याकाठी बाक, समोर पेलिकन. १६६४ मध्ये रशियन वकिलाने राजाला पेलिकन भेट दिले, तेव्हापासून ते तिथे पाळले जातात. जगातल्या सगळ्या देशांची माणसं समोरून जातात, बाबांना दिवस पुरणार नाही. आणि एप्रिलमध्ये बकिंगहॅम राजवाड्यासमोर लालभडक ट्यूलिप. जमीन सपाट, ट्यूब (भुयारी रेल्वे) जवळ.

माळ्याची_लेक | १४ मार्च

मी जरा वेगळं म्हणू का? तुम्ही सगळे मोगराकडून इतक्या बागा करून घेताय की तिच्या आईचा गुडघा पहिल्याच आठवड्यात संपावर जाईल. चार आठवडे, गुडघेदुखी, पाऊस, दमा. त्यात निम्मे दिवस घरीच जातात.

मी बागकामाच्या क्षेत्रात आहे. ज्यांना झाडं खरंच कळतात त्यांना एक बाग दोनदा दाखवली की पाच बागा एकेकदा दाखवल्यापेक्षा जास्त मिळतं. पहिल्या खेपेला जी कळी होती ती दुसऱ्या खेपेला फूल झालेली दिसली पाहिजे. बीचचं पान पहिल्या दिवशी चुण्या पडलेलं, कडेला लव असलेलं, आणि दहा दिवसांनी सपाट झालेलं. हे बघायला मिळणं म्हणजे वसंत बघणं. घराजवळचं पार्क कुठलं आहे तुझ्या? रोज संध्याकाळी आईला तिथेच ने. एप्रिलअखेरीला आठनंतरही उजेड असतो, ऑफिसातून येऊनही जमतं. मोठ्या बागा आठवड्याला एक, बस्स. हॅम्प्टन कोर्टचा ट्यूलिप महोत्सव सुंदर असतो, लाखावर कंद असतात, पण दिवस खाऊन टाकतो आणि चालणं खूप. तुझ्या जागी मी तो गाळला असता.

ट्यूबवाला | १४ मार्च

लेक, हॅम्प्टन कोर्ट गाळायचं? आई पुन्हा कधी येतील काय माहीत!

माळ्याची_लेक | १४ मार्च

म्हणूनच. जे बघतील ते नीट बघू देत.

हेमाकाकू | १५ मार्च

लेकीचं पटलं. पण इसाबेला गाळायची नाही हं.

सागरगोटा | १६ मार्च

विस्टेरियासाठी केन्सिंग्टन, चेल्सी, नॉटिंग हिलच्या गल्ल्या. पांढऱ्या घरांवर जांभळे घोस. एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य. फक्त तिथे लोक राहतात हे विसरू नका. दुसऱ्याच्या पायरीवर चढून, दाराला टेकून फोटो काढणाऱ्यांच्या रांगा लागतात, राहणारे वैतागतात.

निवांत हवं असेल तर फुलम पॅलेस. पूर्वी लंडनच्या बिशपांचं निवासस्थान, तटबंदीच्या आत बाग, तिथे लांबलचक विस्टेरिया. मोफत, सपाट, आत चहा. सतराव्या शतकात कॉम्प्टन नावाच्या बिशपांनी देशोदेशीची झाडं मागवून इथे लावली होती, युरोपातला पहिला मॅग्नोलिया याच बागेत फुलला. हॅम्पस्टेडचं हिल गार्डन आणि तिथला पर्गोलाही (वेलींचा मांडव) विस्टेरियासाठी अप्रतिम आहे, ट्यूबचा बोगदा खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर उभा आहे, पण पायऱ्या आहेत. मोगराच्या आईंना फुलमच बरं.

अनुजा_ई१७ | १६ मार्च

लोखंडी कुंपणाआडचे कुलूपबंद स्क्वेअर, म्हणजे घरांमधल्या चौकोनी बागा, बघून माझा जीव तळमळतो. किल्ली फक्त रहिवाशांकडे. बाहेरून मॅग्नोलिया दिसतो आणि आत जाता येत नाही.

माळ्याची_लेक | १६ मार्च

त्यावर उतारा आहे. जूनमध्ये एका शनिवार-रविवारी शहरातल्या अशा बऱ्याच खासगी बागा लोकांना खुल्या होतात. आणि वसंतापासूनच नॅशनल गार्डन स्कीमखाली घरगुती बागा ठरावीक दिवशी उघडतात. १९२७ मध्ये परिचारिकांच्या संस्थेसाठी निधी उभारायला हे सुरू झालं, पहिल्या वर्षी माणशी एक शिलिंग घेऊन ६०९ बागा उघडल्या होत्या. आजही पैसे शुश्रूषा आणि आरोग्याच्या संस्थांनाच जातात. मोगरा, हे आईसाठी लक्षात ठेव. मालक स्वतः उभे असतात, झाडांबद्दल कितीही विचारा, हौसेने सांगतात. बहुतेक ठिकाणी चहा आणि घरचा केक.

मोगरा_वेल | १७ मार्च

हे आईला सांगितलं तर ती आत्ताच विमानात बसेल. यादी बदलली आहे : ग्रीनिच, क्यू, इसाबेला, फुलम. मध्ये सेंट जेम्स बाबांसाठी. बाकी रोज घराजवळचं पार्क. हॅम्प्टन कोर्ट गाळलं, ट्यूबवाला रागावू नका.

भटकी_सांज | २१ एप्रिल

ग्रीनिचची कान्झान उघडली. धागा वर काढतेय. मोगरा, आले का आईबाबा?

मोगरा_वेल | २३ एप्रिल

आले! तुमचा प्रतिसाद वाचून आज सकाळीच ग्रीनिच केलं. आईने खाली पडलेलं एक फूल उचलून पाकळ्या मोजायला घेतल्या, वीसच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. मग म्हणाली, "एवढ्या पाकळ्या, म्हणजे याला फळ धरत नसणार." खरं आहे का हे?

माळ्याची_लेक | २३ एप्रिल

अगदी बरोबर! भरगच्च फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. कान्झानला सहसा फळ धरत नाही, वाढवायचं तर कलमच करावं लागतं. आईंना माझा नमस्कार सांग.

मोगरा_वेल | ३० एप्रिल

इसाबेला झाली. हेमाकाकू, सकाळी आठला पोचलो, स्टिल पॉन्डपाशी आमच्याशिवाय कुणी नव्हतं. आई तासभर बसली. मला वाटलं दमली, तर ती झुडपांच्या बुंध्याशी बघत होती. माती आंबट असणार, पानांचं खत घालत असणार, छाटणी फुलं गेल्यावर करत असणार, असं एकेक ताडत होती. एक माळी तिथून गेला, मी दुभाषी झाले. छाटणीचं आणि पानांच्या खताचं तिचं बरोबर निघालं. बाबांनी लांबून हरणं बघितली, ५० मीटरचा नियम कडक पाळला.

परवा क्यू. ब्लूबेल आधी, मग ते कुंडीतलं झाड.

हेमाकाकू | ३० एप्रिल

वाचून बरं वाटलं गं. पुढच्या वेळी माझ्याकडे जेवूनच जायचं, अगदी रस्त्यात आहे.

निनाद_आर | २ मे

शॅले वूडला जाऊन आलो. वाटेवर बसून काढला फोटो. अनुजा म्हणाली तसंच झालं, सगळी फ्रेम निळी. लेकीने वास घेऊन अस्सल कुठली ते शोधायचा सपाटा लावला.

अनुजा_ई१७ | २ मे

निनाद, लेकीला शाबासकी. आणि तुम्हालाही.

मोगरा_वेल | ८ मे

क्यू झालं, आणि माळ्याच्या लेकीचं ऐकून काल पुन्हा गेलो. पहिल्यांदा ब्लूबेल भरात होत्या, काल उतरणीला लागलेल्या, पण डेलमधले ऱ्होडोडेंड्रॉन उमलले होते. आई म्हणाली, माळी लोक मधल्या दिवसांत वाफ्यांतले ट्यूलिप काढून नवीन रोपं लावायला लागले, हे तिला सगळ्यात आवडलं. त्या १७७५ च्या कुंडीपुढे मात्र ती बराच वेळ उभी राहिली. बाबांनी विचारलं काय बघतेस, तर म्हणाली, "कुंडी कितीदा बदलली असेल, तेव्हा मुळं कशी सांभाळली असतील."

फुलमचा विस्टेरिया आता गळायला लागलाय, तरी वास होता. बाबांना गॉगल आणि गोळीने आराम आहे, डॉक्टर, मनापासून आभार.

आता शेवटचा आठवडा. सपाट, बाक असलेली, ट्यूबच्या जवळची एखादी छोटी जागा सुचवा.

सागरगोटा | ८ मे

सेंट पॉल्सजवळचं पोस्टमन्स पार्क. इवलंसं आहे. तिथे डेव्हिडिया म्हणजे रुमालाचं झाड आहे, मेमध्ये पांढरी मोठी सहपत्रं लोंबतात, ती पाकळ्या नाहीत हे आई लगेच ओळखतील. दुसऱ्यांना वाचवताना जीव गमावलेल्या सामान्य माणसांची नावं तिथल्या फरशांवर आहेत, बाबा एकेक वाचत बसतील. दुपारी ऑफिसातले लोक डबे घेऊन येतात, त्याआधी जा.

वेळ उरला तर चेल्सी फिजिक गार्डन. १६७३ ची औषधी वनस्पतींची बाग. आईंना तिथे सदाफुली दाखवा. मादागास्करची ही वनस्पती अठराव्या शतकात याच बागेत वाढवून पुढे पसरवली गेली, आणि तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध निघालं.

मोगरा_वेल | ८ मे

सदाफुली! आमच्या गच्चीवर चार रंगांची आहे. नक्की जाणार.

चंद्रकोर_साउथॉल | ९ मे

सासूबाई पुढच्या आठवड्यात येताहेत, चालायला ठणठणीत आहेत. त्यांच्यासाठी काय उरलंय?

हेमाकाकू | ९ मे

खूप उरलंय. ११ मेच्या जवळच्या रविवारी बुशी पार्कात चेस्टनट संडे असतो, तो बहुधा हुकेल, पण झाडांवर फुलं पुढेही काही दिवस टिकतात. वास्तुविशारद सर क्रिस्टोफर रेनने आखलेला मैलभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना हॉर्स चेस्टनट, प्रत्येक फांदीवर पांढरे तुरे उभे. मग हॅम्पस्टेड हीथवर हॉथॉर्न. आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात क्वीन मेरीज गार्डन्सचे गुलाब, तेव्हा रानवाट आडवे येणार नाहीत.

रानवाट | ९ मे

जूनमध्ये मीच सोबत येतो. सकाळी सातला या, वास सकाळीच असतो.